डब्यातला माऊस

माझ्या स्वयंपाकघरात वरच्या फळीवर एक कडीचा स्टीलचा डबा आहे. त्यात पोहे नाहीत की रवा नाही. आमच्याकडे कामाला येणारी सीमा नवी होती तेव्हा तिनं तो पुसायला काढला, आत काहीतरी गडगडलं, तर दचकून मला म्हणाली, आजी, यात काय जिवंत आहे काय. मी म्हटलं, ठेव गं जागेवर, तो आपला नाही.

डबा कांबळे बाईंचा. आत त्यांच्या कॉम्प्युटरचा माऊस आहे, बिनवायरचा. बाई गेल्यानंतर पहिल्यांदा मी झाकण उघडलं तेव्हा डबा हलला म्हणून की काय, माऊसच्या पोटाखालचा लाल दिवा लागला आणि डब्याचा तळ लालभडक झाला. माणूस जाऊन महिना होऊन गेला होता आणि हा आपला जागाच. मी झाकण लावलं, कडी घातली. पुढे कधीतरी आतला सेल संपला असेल. असेल म्हणते, कारण परत उघडून बघायचा धीर काही झाला नाही.

आता बाई कोण ते सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल म्हातारी डब्याशीच अडकली.

मुलुंड पूर्वेला आमच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर त्यांचं आणि माझं दार समोरासमोर. बाई चेंबूरच्या एका शाळेत गणित शिकवायच्या. वडील जालन्याकडून मुंबईला आले, महापालिकेत लागले. घरातली पहिली पदवी बाईंची. लग्न केलं नाही. आई होती तोवर दोघी, आई गेल्यावर एकट्या. घरात बुद्धाची लहानशी मूर्ती, खिडकीशी कॉम्प्युटर, आणि पंख्याखाली एक चांगली खुर्ची. पाहुणा आला की त्याला त्या खुर्चीत बसवायच्या आणि स्वतः उभ्या राहून बोलायच्या. माझ्याकडे आल्या तरी दाराला टेकून उभ्या. बसा हो, म्हटलं की म्हणायच्या, वर्गात कोण बसतं.

मी सातवी शिकलेली, साड्यांना फॉल-बिडिंग करून संसाराला हातभार लावलेली बाई. वाचायला शिकले ती पुड्यांच्या कागदांवर आणि लायब्ररीच्या पुस्तकांवर. मला गणिताचं काय कळणार. पण आमचं जमलं. मला बोलायला लागतं आणि त्यांना सगळं ऐकून घेऊन शेवटी एकच वाक्य टाकायला आवडायचं.

त्यांच्या पर्समध्ये कायम खडूचे तुकडे. आमची लिफ्ट बंद पडली की बाई दारावर ठसठशीत लिहायच्या, 'लिफ्ट बंद', आणि खाली स्वतःची सही. सेक्रेटरी म्हणाला, बाई, सही कशाला, सगळ्यांना कळतं की. तर म्हणाल्या, लिहिणाऱ्यानं खाली नाव घालावं, म्हणजे विचारायला कुणाकडे जायचं ते कळतं. ही सही लक्षात ठेवा. पुढे तिनंच त्यांना छळलं.

'चूक' हा शब्द त्यांच्या तोंडात नव्हता. भाजीवाल्यानं बेरीज चुकवली तरी 'परत बघ' एवढंच. मला 'परत बघा, विमलताई'. या दोन शब्दांत एवढी जरब की भाजीवाला मुकाट कोथिंबिरीची एक जुडी वर टाकायचा.

आणि जरब होतीच. कॉपी पकडण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. पोरगं खोकलं कसं यावरून त्या ओळखायच्या की उत्तर कुठल्या बाकावरून कुठल्या बाकावर गेलं.

लॉकडाऊन लागला आणि शाळा घरात आली. शाळेनं कुठल्याशा कंपनीचं गृहपाठाचं पोर्टल घेतलं. बाई सकाळपासून त्याच्यापुढे उभ्या. हवेसाठी आमची दोन्ही दारं उघडी असायची, त्यामुळे मला सगळं दिसायचं, ऐकू यायचं. गणिताचं उत्तर म्हणजे नुसता आकडा नाही ना. अपूर्णांक असतो, वर्गमूळ असतं, वरखाली लिहावं लागतं. तर पडद्यावर एक चौकट येते आणि तिच्या डोक्यावर बटणांची पट्टी. एक बटण अपूर्णांकाचं, एक मुळाचं, असं. माऊसनं बटणं दाबत उत्तर मांडायचं, नाहीतर कीबोर्डवरून टाइप करायचं. यातलं काय चालू ठेवायचं आणि काय बंद, ते सेटिंग बाईंच्या हातात.

एक दिवस बाई समोरून खदाखदा हसायला लागल्या. मी हातातली साडी टाकून गेले. अख्ख्या नववीनं एका गणिताचं सारखं उत्तर लिहिलं होतं आणि प्रत्येकाचं उणे चिन्ह एकाच जागी गळलं होतं. कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तर फिरवलं, बाकीच्यांनी ते उचलून चौकटीत चिकटवलं. बाईंनी हसणं संपवलं आणि सेटिंग उघडलं. कीबोर्डवरून काहीच आत जाणार नाही असं करून टाकलं. फक्त माऊस, फक्त बटणं. प्रत्येकानं आपापलं उत्तर बटण बटण दाबत मांडायचं. मग माझ्याकडे येऊन उभ्या उभ्या थालीपीठ खाल्लं आणि म्हणाल्या, आज मागचं दार लावून टाकलं, विमलताई. मीही म्हटलं, झकास केलंत.

त्या वर्गात अश्विनी नावाची एक मुलगी होती. राहायला गोवंडीला, आई इस्पितळात आया. जन्मापासून तिच्या हातांना कंप. पेन धरलं तर कागद फाटायचा. एका संस्थेनं तिला जुना लॅपटॉप दिला होता, त्यावर ती एक बोट वाकवायची आणि त्या बोटाच्या सांध्यानं एकेक कळ दाबायची. सावकाश, पण नेमकी. माऊस मात्र धरताच यायचा नाही. पडद्यावरचा बाण माशीसारखा भिरभिरायचा. शाळा भरत होती तेव्हा ही पोरगी पहिल्या बाकावर बसून बीजगणिताची उत्तरं तोंडी द्यायची, इतर पोरं अजून प्रश्न उतरवून घेत असायची तोवर. बाईंची लाडकी. म्हणून तर बाईंना तिचा राग आला. तिचे गृहपाठ कोरे यायला लागले. एकामागून एक कोरे. कोऱ्या गृहपाठावर पोर्टल आपोआप शेरा मारायचं, 'प्रयत्न केलेला नाही', आणि खाली शिक्षकाचं नाव. हुशार मुलं घरी बसून आळशी होतात, असं बाई मला म्हणाल्याचं आठवतं.

शाळा परत भरायला लागली तेव्हा अश्विनीची आई तिला घेऊन शाळेत आली, सवलतीच्या अर्जावर सही घ्यायला. अशा मुलांना दहावीला बीजगणित-भूमिती सोडून सातवीचं अंकगणित घेता येतं. बाई म्हणाल्या, तुला कशाला सवलत, तू फक्त गृहपाठ कर.

पुढचं बाईंनी मला ज्या शब्दांत सांगितलं त्याच शब्दांत लिहिते, कारण नंतर ते इतक्यांदा ऐकलं की पाठ झालंय. अश्विनी म्हणाली, "बाई, मी रोज उघडत होते. चौकटीत जाता येत नव्हतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही लिहिलं होतं ना, प्रयत्न केला नाही म्हणून. मला वाटलं, तुम्हाला दिसतंय."

बाईंनी आईला सांगून बघितलं, मी आज दुरुस्त करते, अर्ज मागे घ्या. आई शांतपणे म्हणाली, आता नको बाई, आत्ता कुठे तिचं रडणं थांबलंय. बाईंनी सही केली.

त्या दिवशी बाई घरी आल्या, कॉम्प्युटर लावला, माऊस बाजूला ठेवला आणि आपणच दिलेला गृहपाठ सोडवायला घेतला. पहिल्या चौकटीपर्यंतसुद्धा पोचता आलं नाही. टॅब दाबला की चौकटीवरून उडी मारून थेट 'जमा करा'वर जायचं. मग त्या माझ्याकडे आल्या आणि माझ्या शिवणयंत्राच्या स्टुलावर बसल्या. बसल्या, म्हणजे मला कळलं काहीतरी मोठं झालंय.

सगळं ऐकून, मी काहीतरी बरं बोलायचं म्हणून बोलले, सातवीचं गणित काय वाईट, मीही सातवीच शिकले, माझं काही अडलं नाही.

"तुम्हाला सातवीनंतर कुणी थांबवलं?"

"वडिलांनी."

"तिला मी."

मी उठून चहा टाकला.

डब्याची गोष्ट तेव्हापासूनची. सकाळी चहा झाला की बाई माऊस डब्यात घालायच्या, कडी लावायच्या आणि डबा माझ्या हातात द्यायच्या. "मी मागितला तरी देऊ नका." दुपारी जेवायच्या आधी मी परत नेऊन द्यायचा. मी हसले होते पहिल्यांदा. नुसता टेबलाच्या खणात टाका की. तर म्हणाल्या, हात आपोआप जातो हो. हात गेला की मुलगी कुठे अडली ते मला कळतच नाही. आणि खरंच एकदा मागायला आल्या. चेहरा असा, जसा उपासाच्या दिवशी माझा असतो. मी दिला नाही. परत गेल्या.

पुढच्या वर्षी त्या निवृत्त झाल्या, पण गृहपाठाचं काम सोडलं नाही. त्यांच्या जागी मनीषा नावाची तरुण शिक्षिका आली, ती गणितं काढायची आणि बाई घरून प्रत्येक चौकट लावायच्या. माऊसशिवाय आत जाता येतं का, लिहिता येतं का, बाहेर येता येतं का. हे बाहेर येणं काय ते मला तेव्हाच कळलं, कारण परीक्षेला त्यांनी मलाच बसवलं. म्हणाल्या, तुम्हाला कॉम्प्युटरही येत नाही आणि गणितही, तुमच्यासारखी हुशार विद्यार्थीण मला कुठे मिळणार. त्या पंख्याखालच्या खुर्चीत बसून मी तीन लिहिलं, तिरकी रेघ दाबली, पाच लिहिलं. तीन छेद पाच, आपण बोलतो त्याच क्रमानं. छान दिसलं. मग मी अधिक दोन लिहायला गेले तर तेही रेघेच्या खाली, पाचाला चिकटून. जे दाबीन ते खाली. मी घाबरून एंटर, टॅब, हाताला लागेल ते दाबत सुटले आणि सगळंच पुसलं गेलं.

बाई मागे उभ्या होत्या. म्हणाल्या, "उजवा बाण. छेदातून बाहेर या, मग पुढचं लिहा."

आलेच की बाहेर. इतका आनंद मला एस.टी.चं रिझर्व्हेशन मिळाल्यावरही झाला नव्हता. पण मागे वळून बघितलं तर बाईंचा चेहरा उतरलेला. म्हणाल्या, उजवा बाण हे तुम्हाला मी सांगितलं. तिला कोण सांगणार? तेव्हापासून प्रत्येक चौकटीखाली मराठीत ओळ आली, कुठल्या कळीनं आत जायचं, कुठल्या कळीनं बाहेर. खाली सही.

कंपनीच्या मुलाशी फोनवर भांडायच्या ते ऐकण्यासारखं असायचं. बिचारा गोड बोलायचा, मॅडम, सगळे माऊसच वापरतात. "सगळे म्हणजे कोण? नावं सांग." मग बाई म्हणायच्या, पाठ न करता आलास, उद्या परत ये. आणि दुसऱ्या दिवशी तो खरंच फोन करायचा. त्यांनी त्याच्याकडून टॅबचा क्रम सुधारून घेतला. तो शेराही बदलून घेतला. 'प्रयत्न केलेला नाही' हे तुझ्या मशीनला कसं कळलं, एवढंच विचारत राहिल्या, तो थकेपर्यंत. आता तिथे येतं, 'उघडलं होतं, उत्तर पोचलं नाही'. दुरुस्त्या झाल्या की मी म्हणायचे, चला, सुटलात. त्या म्हणायच्या, अजून ती कुठे आली आहे.

कारण अश्विनीचं नाव त्यांनी वर्गातून काढलंच नव्हतं. नवी मुलं यायची, जुनी जायची, ही एक तिथेच. प्रत्येक गृहपाठ तिलाही जायचा. तिच्या आईचा फोन बंद झालेला. आम्ही दोघी गोवंडीला जाऊन आलो. तिची इमारत पाडून झाली होती. पत्र्याच्या कुंपणाआड नुसता खड्डा. समोरच्या पिठाच्या गिरणीवाल्या बाईनं सांगितलं, पांगली सगळी माणसं, कुणी म्हणतं दिंडोशीला गेली, कुणी म्हणतं लांब. बाईंचा फोन कायम मुका करून ठेवलेला, म्हणून त्यांनी तिला माझा नंबर दिला आणि म्हणाल्या, अश्विनी भेटली तर एवढंच सांगा, आता चौकटीत जाता येतं. गिरणीवाली माझ्याकडे बघायला लागली. मी मान हलवली, जणू यात विचारण्यासारखं काही नाही. ती म्हणाली, बरं, सांगते.

परत येताना रिक्षात बाई मांडीवरच्या पर्सवर एक बोट वाकवून टकटक करत होत्या. मला वाटलं, चाळा.

चाळा नव्हता. नंतर एकदा डबा द्यायला मी नेहमीपेक्षा लवकर गेले, तर बाई खुर्चीत बसलेल्या. त्यांना तसं बसलेलं मी पहिल्यांदा बघितलं. डावा हात मांडीखाली दाबलेला. उजव्या हाताचं एक बोट वाकवलेलं आणि त्याच्या सांध्यानं एकेक कळ. मान थोडी कलती. बाईंची मान ताठ असायची हो, ती मान त्यांची नव्हती. मी त्या मुलीला कधी बघितलं नाही, पण त्या क्षणी वाटलं की ती खुर्चीत बसली आहे आणि बाईच घरात नाहीत. पडद्यावर वर नाव होतं, अश्विनी. तिला वर्गात पासवर्ड बाईंनीच दिलेला, तोच वापरून त्या तिच्या नावानं आत जात होत्या. राहिलेले सगळे गृहपाठ. टॅब, टॅब, चौकटीच्या आत, रेघ उभी राहून लुकलुकायला लागली की थांबायच्या, मग बाहेर, पुढची चौकट.

मी म्हटलं, उत्तर लिहीत नाही का?

"उत्तर तिचं आहे. मी फक्त रस्ता बघते."

एकदा मनीषा पेढे घेऊन आली. तिच्या वर्गात एक मुलगी होती, नजर फार कमी, माऊसचा बाण दिसायचाच नाही. वर्षभर सगळे गृहपाठ कीबोर्डवर करून ती पहिली आली आणि वर्षअखेरीपर्यंत कुणाला कळलंही नाही की तिला काही अडचण आहे. मनीषाला वाटलं, बाईंना बरं वाटेल. बाईंनी पेढा घेतला, मुलीचं नाव विचारलं, छान म्हणाल्या. मनीषा गेल्यावर पेढा हातात तसाच होता. मला म्हणाल्या, विमलताई, हिच्यासाठी मी काहीच केलं नाही, ही नुसती आली आणि गेली. दार असंच पाहिजे. मग बराच वेळ जिन्याकडे बघत राहिल्या, जणू आणखी कुणी वर येणार होतं.

बाई अचानक गेल्या. दुपारी छातीत दुखायला लागलं, सेक्रेटरीनं गाडी काढली, त्या स्वतः जिना उतरून गेल्या, आणि परत आल्या नाहीत. भाचा ठाण्याहून आला, घर आवरलं. माझं दार वाजवून म्हणाला, काकू, कॉम्प्युटर नेतोय, माऊस काही सापडत नाही. डबा माझ्या पाठीमागच्या फळीवर होता. मला सांगून ठेवलेलं होतं, मागितला तरी देऊ नका. मी म्हटलं, बघ बाबा तिकडेच कुठे असेल.

नवे भाडेकरू आले, चांगली माणसं आहेत. पण दुपारी सगळं निजलं की समोरून कधीतरी टक्‌, मग थांबून टक्‌, असा आवाज येतो. नळ असेल. मी उठून बघत नाही. अनोळखी नंबरावरून फोन आला तर मात्र उचलते. बहुतेक वेळा कर्ज हवंय का म्हणून विचारतात. मी समोरच्याला पुरतं बोलू देते. अश्विनी बोलायलाही सावकाश होती असं बाई सांगायच्या. मनीषा अधूनमधून फोन करते. मी तिला म्हटलंय, ते एक नाव काढू नकोस. ती म्हणते, काढलं नाही काकू. प्रत्येक गृहपाठापुढे तेच येतं, उघडलं होतं, उत्तर पोचलं नाही. मग म्हणते, बाई गेल्यावरही येतंय, उघडलं होतं. आपोआप येत असेल, नाही? मी म्हणते, असेल.

आणि डबा माझ्याकडे राहिला कसा, ते राहिलंच सांगायचं. बाई गेल्या त्या दिवशी सकाळी त्यांनी नेहमीसारखा माझ्या हातात दिला. जेवायच्या वेळी मी परत करायला गेले. दार उघडं होतं. बाई पाठमोऱ्या, मान कलती, बोट वाकवलेलं. पडद्यावर रिकामी चौकट आणि तिच्यात ती उभी रेघ लुकलुकत होती. बाईंनी बोट कळीवरून उचलून धरलं होतं आणि वाट बघत होत्या, वर्गात प्रश्न विचारल्यावर शिक्षक बघतात तशी. मी म्हटलं, बाई, डबा.

त्यांनी मागे न बघता डावा हात मांडीखालून काढला आणि पंजा उभा धरला. थांबा.

मी दारात थांबले. मग माझ्याकडे कुकरची शिट्टी झाली, म्हणून डबा घेऊन परत आले.